ट्रॉली घेताना आधी ब्रेक पाहा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातले ट्रॅक्टर साखरपट्ट्याकडे निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतून निघालेल्या ट्रॉल्यांमध्ये कोयते असतात, पोत्यांत भरलेले धान्य असते, भांडीकुंडी असतात आणि या सगळ्यावर लेकराबाळांसह बसलेली माणसे असतात. पुढे सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर पोचल्यावर त्याच ट्रॉलीत उसाच्या मोळ्या चढतात. म्हणजे या जिल्ह्यात ट्रॉली हे केवळ शेतीचे अवजार नाही. कुटुंबाची रोजी आणि कुटुंबाचा जीव दोन्ही तिच्यावर लादलेले असतात. तरीही ट्रॉली घेताना बहुतेक वेळा तीनच प्रश्न विचारले जातात: किंमत किती, पत्रा किती जाड आणि माल किती बसतो? भरलेली ट्रॉली थांबते कशी, हा चौथा प्रश्न मागे राहतो. माझ्या मते तोच पहिला असायला हवा.

यामागचे गणित साधे आहे. ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो आणि टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. त्याच्यामागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून पंधरा टन धरले आणि दर पंधरा फुटांना एक फूट असा उतार धरला, तर त्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला सुमारे एक टन जोराने खाली ढकलत असतात. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर हा सगळा रेटा ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांनीच पेलायचा. टायर घसरले की ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे करते. त्यात वेग दुप्पट झाला की थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. बालाघाटच्या जिल्ह्यात हा हिशेब कागदावरचा राहत नाही. खामगाव-पंढरपूर महामार्गावरचा धारूरचा अरुंद घाट किंवा धुळे-सोलापूर महामार्गावरचा मांजरसुंब्याचा घाट उतरताना तो प्रत्येक चालकाला सोडवावा लागतो. इंजिन कितीही ताकदीचे असले तरी ती ताकद ओढण्याची असते. थांबवण्याचे काम ब्रेकचेच.

म्हणून ट्रॉली निवडताना चाकांना ब्रेक आहेत का, हे आधी पाहावे. ट्रॉली पुढे रेटू लागली की दांडी आत सरकून आपोआप लागणारा ओव्हररन ब्रेक, हायड्रॉलिक ब्रेक आणि एअर ब्रेक असे प्रकार आहेत. आपल्या ट्रॅक्टरला कोणता जोडता येईल, हे विक्रेत्याला विचारूनच सौदा करावा. दुसरी गोष्ट भाराच्या जागेची. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतो. तो मर्यादेबाहेर गेला की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. उलट माल मागे जास्त झाला तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांची पकड सुटते. एक्सल कुठे बसवला आहे, हे पत्र्याच्या जाडीइतकेच बारकाईने पाहायला हवे. हुकाच्या पिनेला निसटू न देणारी खीळ आणि जोडीला सुरक्षा साखळी हवी. मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या उसाखाली झाकले जाणार नाहीत अशा जागी हवेत, कारण ऊस रात्रीही वाहिला जातो.

यावर पहिला आक्षेप पैशाचा आहे आणि तो खोटा नाही. उचल घेऊन धंद्यात उतरणाऱ्या वाहतूकदाराला ब्रेकचा जादा खर्च जड वाटणारच. पण ट्रॉली अनेक हंगाम चालते, त्यामुळे हा खर्च त्या सगळ्या हंगामांवर वाटून पाहावा लागतो. एका अपघाताचा खर्च मात्र असा वाटता येत नाही. दुसरा आक्षेप असा की ट्रॅक्टर सावकाशच चालतो. वर पाहिलेला उतारावरचा रेटा मात्र सावकाश चालण्याने कमी होत नाही, आणि रिकामी ट्रॉली घेऊन परतताना वेग वाढतोच. गावच्या वर्कशॉपमधली ट्रॉली स्वस्त पडते आणि दुरुस्तीही दारातच होते, हा तिसरा मुद्दा मला मान्य आहे. त्याच वर्कशॉपला ब्रेक, साखळी आणि दिवे यांची अट घालावी. ग्राहकाने मागितल्याशिवाय कोणी बनवणार नाही.

खरा अडसर वेगळाच आहे. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून प्रत्येक खेपेला जास्त टन भरण्याकडे ओढ राहते. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहन आहे. त्याची नोंदणी लागते, विमा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर क्षमतेपेक्षा जास्त भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. पण रस्त्यावरच्या दंडाने टनाची ओढ सुटणार नाही. ती कारखान्याच्या दारात सोडवायला हवी, कारण वाहतूकदाराशी करार कारखाना करतो, उचल तोच देतो आणि वजनकाटाही त्याचाच असतो. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीशी करार नाही, नोंदलेल्या क्षमतेपलीकडच्या वजनाला बिल नाही, असे दोन नियम कारखान्यांनी लावले तर बाजारात ट्रॉली कशी बनते तेच बदलेल. हंगामाआधी बीड आणि अंबाजोगाईच्या आरटीओ कार्यालयांनी तालुक्याला जाऊन तपासणी केली, तर वाहतूकदाराचा खाडाही टळेल.

मजुरांचा प्रश्न तर याहून पुढचा आहे. मालासाठी बांधलेल्या ट्रॉलीत माणसे नेणे कायद्याला मान्य नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडतो. चांगला ब्रेक लावला म्हणून ट्रॉली प्रवासी गाडी होत नाही. जाण्यायेण्यासाठी बस द्यायची जबाबदारी कारखान्याने आणि शासनाने उचलली पाहिजे. ती उचलली जाईपर्यंत मात्र या जिल्ह्यातली लेकरे ट्रॉलीतच बसणार आहेत. म्हणून यंदा नवी ट्रॉली घेणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती आहे: पैसे मोजण्याआधी ती भरून उतारावर न्या आणि थांबवून पाहा. थांबली तरच घ्या.