नाटक मी निवडणार



परवा महिला मंडळात एका भगिनीने सर्वांसमोर मला विचारले, "सामायिक करता, चौविहार पाळता आणि पुण्याला गेलात की नाटकं बघता, हे कसं?" प्रवचनाची वेळ झाली होती म्हणून मी गप्प बसले. उत्तर आज लिहिते.

रोज संध्याकाळी आपण दोन-दोन तास मालिका बघतो. कोणी कोणाचे कान भरले, कोणत्या सुनेने काय कारस्थान केले. त्याला कोणी प्रमाद म्हणत नाही, कारण ते घरात बसून होते. वर्षातून दोन नाटके बघितली की मात्र धर्म बुडतो! रायपसेणी सूत्रात सूर्याभ देव भगवान महावीरांसमोर ३२ प्रकारचे नाट्य दाखवतो. भगवान मौन राहिले. त्या मौनाला मी परवानगी म्हणत नाही, पण मनाईही कोणी म्हणू नये. दिगंबर परंपरेत तर नीलांजनेचे नृत्य बघता बघताच ऋषभदेवांना वैराग्य झाले. बघणाऱ्याने त्यातून काय घेतले, हे महत्त्वाचे.

पण माझा खरा राग आपल्यावरच आहे. आपण नाटक निवडतच नाही.

बीडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, पण पुण्यामुंबईसारखे रोज चार नाटकांतून एक ठरवण्याची सवय आपल्याला नाही. मुलाकडे गेलो की तो मोबाईलवर तिकिटे काढतो आणि आपण साडी नेसून गाडीत बसतो. लेखक कोण, विषय काय, काही विचारत नाही. मेथीची जुडी उलटसुलट करून बघणाऱ्या आपण!

मीही एकदा अशीच गेले. टीव्हीवरचा प्रसिद्ध नट, आणि "मम्मींना विनोदी आवडेल" म्हणून तिकिटे काढलेली. अडीच तास सासूच्या जाडीवर आणि अडाणीपणावर विनोद. शेजारी बसलेली नात प्रत्येक हशाला माझ्या तोंडाकडे बघायची. पैसे मोजून मी माझीच टिंगल ऐकून आले. चूक मुलाची नव्हती. त्याने आधी विचारले होते आणि मी म्हणाले होते, "तुम्हाला आवडेल ते." हे वाक्य आपण जन्मभर म्हणतो आणि त्याला त्याग समजतो. अहो, तो आळस आहे.

पुढच्या वेळी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती मी स्वतः वाचल्या आणि प्राजक्त देशमुखांचे 'संगीत देवबाभळी' निवडले. रंगमंचावर दोनच बायका. तुकोबांची आवली, आणि लखुबाई बनून तिच्या घरी राहिलेली रखुमाई. नवरा भक्तीत बुडालेला, त्याला जेवण घेऊन शोधत फिरणाऱ्या आवलीच्या पायात काटा मोडतो. मला त्यात आपली घरे दिसली. घरात मासखमण होते, तपस्व्याची मिरवणूक निघते, सत्कार होतो. त्या दिवसांत पाहुण्यांची उठबस करणाऱ्या बाईला कोणी विचारते का, तू जेवलीस का? नेमिनाथ प्रभू मांडवाच्या दारातून परतले, गिरनारला गेले. त्या दिवशी राजुलच्या मनात काय झाले असेल, हे ४० वर्षे स्तवने गाऊनही मी स्वतःला विचारले नव्हते. एका वारकरी घराच्या नाटकाने ते विचारायला लावले.

म्हणून "बघायचंच तर 'युगपुरुष'सारखं आपलंच बघा" हेही मला मान्य नाही. श्रीमद् राजचंद्र आणि गांधीजींवरचे ते नाटक २०१६ साली आले, मराठीतही झाले. जरूर बघावे. पण केवळ आपली पाटी बघून तिकीट काढणे म्हणजे पुन्हा न निवडणेच. अनेकान्त प्रवचनात ऐकायचा आणि तिकीट खिडकीवर विसरायचा?

दुसरीकडे, नुसता थाट बघायला जाणारेही आहेत. मुंबईत २०२३ साली 'द साउंड ऑफ म्युझिक' ही संगीतिका आली. बघून आलेल्या नातेवाइकांनी मला रंगमंच किती मोठा, तिकीट किती महाग, एवढेच सांगितले. साध्वी व्हायला निघालेली मुलगी सात मुलांच्या घरात का रमते, यावर दीक्षार्थी मुलींच्या आयांनी किती बोलायला हवे होते!

आता वेळेचे. पुण्यात प्रयोग बहुधा दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊला असतात. हिवाळ्यात साडेपाचच्या प्रयोगात पहिल्याच अंकात सूर्य मावळतो. साडेबाराचा घ्या. तीन-साडेतीनला सुटते, घरी येऊन शांतपणे जेवण होते, प्रतिक्रमणही चुकत नाही. मध्यंतरातला बटाटावडा आपल्यासाठी नाहीच, पिशवीत खाकरे न्या.

पुढच्या खेपेला मुलगा विचारेल, "मम्मी, कोणतं बघायचं?" तेव्हा नाटकाचे नाव सांगा. निवड चुकली तरी चालेल, ती आपली असेल.

माझ्या शब्दांनी कोणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्. त्या भगिनीला मात्र मी पुढच्या नाटकाला बरोबर नेणार आहे. नाटक तिने निवडायचे.