गालिचा की फरशी?

खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे लिंबायत, उधना या भागांत राहतात; कोणी भाड्याने, कोणी स्वतःच्या घरात. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवावा की उघडी फरशीच ठेवावी, हा प्रश्न तेथे केवळ हौसेचा नव्हे.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीस महापूर आला आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. फरशीवरचा गाळ खराट्याने लोटून धुता येतो. चिकटविलेला गालिचा मात्र गाळ पिऊन बसतो व तो फेकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पूर नसला तरी पावसाळ्याची दमट हवा आहेच. गालिच्यात ओल व धूळ साचते, डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात आणि दमेकऱ्याचा त्रास बळावतो.

तेव्हा फरशीच बरी. मोरबीच्या गुळगुळीत लाद्या देखण्या खऱ्या, परंतु ओल्या लादीवर वृद्धांचा पाय घसरतो. न्हाणीघरात खडबडीत लादीच घ्यावी. कोटा दगड टिकाऊ, पण चुनखडीचा. लिंबू, चिंच वा अ‍ॅसिड सांडल्यास त्याची झिलई जाते.

भाडेकऱ्याने तर परक्या जमिनीस काही चिकटवूच नये. घर सोडताना डाग निघत नाहीत आणि अनामत रकमेवरून वाद होतो. मुलांना बसावयास सतरंजी पुरे. ती उन्हात झटकता येते, आणि तापीचे पाणी चढू लागल्याचे कळताच गुंडाळून माळ्यावर ठेवता येते.