घासलेलं फिंगर कुणाच्या खात्यात?

तटरक्षक दलासाठी सहा हॉवरक्राफ्ट बांधण्याचा 387.44 कोटींचा करार संरक्षण मंत्रालयाने 24 ऑक्टोबर 2024 रोजी गोव्याच्या चौगुले आणि कंपनीशी केला. जुलै 2025च्या अखेरीस रासईच्या यार्डात पहिल्या वाहनाचा गर्डर बसला. रचनेचा आधार ग्रिफॉन हॉवरवर्कचा असला तरी बांधणीचे हात इथले आहेत. तेव्हापासून आमच्या टपालात एकच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत येतो आहे : पाण्यावर ड्रॅग कमी व्हावा म्हणून स्कर्टला कुठलं रबर लावावं? नैसर्गिक की निओप्रीन, कापड किती जाड, वरून एखादा गुळगुळीत लेप चालेल का? प्रश्न विचारणारे सगळे धंद्यातले आहेत, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. रबर हा या हिशोबातला तिसरा-चौथा मुद्दा आहे. स्कर्टचा ड्रॅग जन्मतो तो फिंगरच्या टोकाखाली उरलेल्या वीस मिलिमीटरांत, आणि वाढतो तो भांडारपालाच्या वहीत.

आकडे मांडूनच बोलू. गादी 18 मीटर लांब, साडेसहा मीटर रुंद आणि वाहन 24 टनांचं धरा. गादीतला दाब साधारण 2,000 पास्कल येतो, म्हणजे खालचं पाणी 20 सेंटिमीटर दबतं. या लांबीला मुख्य हंप साडेचौदा नॉटच्या आसपास लागतो. तिथली लाटेची ओढ दाबाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वजन दहा टक्के वाढलं की ओढ वीस टक्क्यांच्या पुढे जाते. पण हंप मागे पडला की लाट सैल होते आणि पुढच्या प्रवासात तीन वाटेकरी उरतात : वाऱ्याचा रोध, आत ओढलेल्या हवेला वेग देण्याचा मोमेंटम ड्रॅग आणि ओला स्कर्ट. पहिला आराखड्यात ठरून गेलेला असतो. उरलेले दोन एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसतात. परिघ 49 मीटर, फिंगरखालची फट 20 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटरचं तोंड. त्यातून सेकंदाला 35 घनमीटर हवा निसटते. 40 नॉटला एवढ्या हवेचा मोमेंटम ड्रॅग 90 किलोंच्या घरात जातो, शिवाय ती हवा दाबाने पुरवण्यासाठी लिफ्ट फॅनला शंभरावर किलोवॅट लागतात. हवा वाढवली की फिंगर पाण्यावरून उचललं जातं, पण हे दोन्ही खर्च चढतात. हवा कमी केली की ते वाचतात आणि फिंगर पाण्यात लोळतं. कमीत कमी एकूण ओढीचा एक बिंदू यांच्यामध्ये कुठेतरी असतो, आणि वजन, ट्रिम, लाटांची उंची बदलली की तोही सरकतो. तो प्रत्येक वाहनाच्या चाचणीत शोधावा लागतो. कॅटलॉगात मिळत नाही.

आता एक झिजलेलं फिंगर जवळून पाहा. टोक वेगात सतत फडफडतं. वाळू आणि शिंपले ते बाहेरून खरवडतात, फडफडीने आतलं कापड आणि रबर यांची पकड सुटते, त्या फटीत खारं पाणी शिरतं आणि टोकाचे पदर सुटून झालरी लोंबायला लागतात. समजा, तीस सेंटिमीटर रुंद फिंगरचं टोक दहा सेंटिमीटर खाल्लं गेलं. 2,000 पास्कलला एवढ्या खिडकीतून सेकंदाला सुमारे एक घनमीटर हवा पळते. अशी दहा फिंगरं झाली की दहा घनमीटर. पंखा तेवढाच फिरतो असं धरलं, तर उरलेल्या परिघाला पस्तीसऐवजी पंचवीसच मिळतात आणि तिथली फट वीस मिलिमीटरवरून चौदावर येते. म्हणजे झिजलेलं फिंगर स्वतः पाण्याला फारसं लागतच नाही, पाण्याला लागतात ती शेजारची धडधाकट फिंगरं. पाहणीला आलेला माणूस ओली, घासलेली, चांगली फिंगरं बघून त्यांनाच दोष देतो आणि रबर बदला म्हणतो. झीज एकाच बाजूला असेल तर वाहन त्या बाजूला ओढ घेतं, चालक ते सरळ ठेवायला रडर वळवून धरतो आणि त्याचा वेगळा ड्रॅग हिशोबात चढतो. मागच्या बाजूला आणखी एक गंमत आहे. फिंगर आतल्या बाजूने उघडं असतं, म्हणून मागे तेच बसवलं तर पुढे जाताना ते पाणी ओंजळीने उपसल्यासारखं भरून घेईल. त्यासाठीच तिथे बंद कोन असतात. त्यांपैकी एक फाटला आणि घाईत कुणी उघडा तुकडा शिवून दिला, तर त्या एका टाक्याची ओढ चांगला लेप लावलेल्या वीस फिंगरांनी भरून निघत नाही.

हे सगळं माहीत असूनही घडतं, कारण आपली हिशोबाची पद्धत ते घडवून आणते. सरकारी वाहनाचं डिझेल एका लेखाशीर्षाखाली, सुटे भाग दुसऱ्या. फिंगर बदललं की सुट्या भागांचा आकडा फुगतो आणि मार्चमध्ये त्याचा जाब विचारला जातो. फिंगर बदललं नाही की डिझेल जास्त जळतं, पण ते समुद्राच्या नावावर खपतं : वारा होता, लाट होती, भरती उलटी होती. फिंगर वाचवणाऱ्याला शाबासकी मिळते, डिझेल जाळणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि बहुतेक वेळा ही दोन्ही माणसं एकाच इमारतीत बसतात. भांडाराच्या नोंदवहीत वस्तूला दोनच अवस्था माहीत असतात, चालू आणि बाद. दहा सेंटिमीटर खाल्लेलं फिंगर अजून लटकतं आहे ना? मग ते चालू. किती उरलं हे लिहायला रकानाच नाही, मग कुणी मोजावं तरी का? खरेदीतही तेच. कमीत कमी दराच्या निविदेत फिंगर हा ‘रबरी नग’ असतो, त्याची वक्रता, शिवणीचा कोन आणि टोकाची रेषा कोण तपासणार? ताबा घेतानाची चाचणी नव्याकोऱ्या स्कर्टवर, हलक्या भाराने, शांत सकाळी होते. वेग मिळाला, सही झाली. तोच वेग तीनशे तासांनी, पूर्ण भाराने, मीटरभर लाटेवर किती डिझेलमध्ये मिळतो, हे कागद विचारतच नाही. मग पुरवठादाराने तरी का सांगावं?

यावर नेहमीचे आक्षेप आहेत. पहिला : इंजिन मोठं घ्या, ड्रॅगचं काय घेऊन बसलात. मोठं इंजिन म्हणजे वजन, त्याला जादा इंधन म्हणजे आणखी वजन, वजन म्हणजे दाब, आणि दाब हंपवर वर्गाने वसूल होतो. शिवाय ओल्या स्कर्टला जोर लावून रेटलं की पुढची बॅग पाण्याखाली दुमडण्याची भीती असते. प्लाउ-इन म्हणजे काय ते या अंकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. त्यावरचा इलाज पुढच्या बॅगचा दाब आणि वजनाची मांडणी हा आहे, अश्वशक्ती नव्हे. दुसरा आक्षेप लेपवाल्यांचा. गुळगुळीत पृष्ठभागाने घर्षण घटतं हे खरं, आणि स्थिर पाण्याच्या टाकीत ते दाखवताही येईल. पण फिंगरच्या ओढीत निव्वळ घर्षण हा एक वाटा आहे, पाणी उपसणं, तुषार उडवणं आणि टोक दुमडणं हे बाकीचे. लेप टोकावरच हवा असतो आणि टोकच पहिल्यांदा झिजतं. वर कडक लेपाने टोक ताठ झालं तर फडफडीत ते लवकर तडकण्याचा धोका आहेच. प्रयोग करा, आमचा विरोध नाही, पण फट सांभाळल्यानंतर.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रचना परक्या कंपनीची, परवान्याने आलेली, आपण त्यात हात कसा घालणार? आकारात घालू नका. पण फिंगर किती झिजल्यावर बदलायचं, बॅगचा दाब दर पंधरवड्याला मोजायचा की नाही, इंधन पुढच्या टाकीत किती आणि मागच्यात किती ठेवायचं, हे कुठल्या परवान्याने अडवलेलं नाही. 25 जुलै 1959 रोजी एसआर.एन1 इंग्लिश खाडी ओलांडून गेलं तेव्हा त्याला लवचीक स्कर्टच नव्हता. ते पाण्याच्या जेमतेम वर तरंगत होतं. स्कर्ट आला म्हणून लाटा ओलांडता आल्या, आणि स्कर्ट आला म्हणूनच झिजेचा खर्चही आला. पुढे त्याच खाडीत एसआर.एन4ची प्रवासी सेवा 1968पासून 1 ऑक्टोबर 2000पर्यंत चालली आणि स्कर्टची दुरुस्ती हे तिचं कायमचं मोठं ओझं राहिलं. हे यंत्र ज्यांनी घडवलं त्यांचीही त्यातून सुटका झाली नाही, मग वही न ठेवता आपली होईल असं समजायला काही आधार नाही.

आपलं पाणीही वेगळं आहे. शापोरा, मांडवी, झुआरी, कुंभारजुवे कालवा हे सगळे 2016च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाले, पण पात्रातला गाळ त्यामुळे हलला नाही. तीन मीटर खोलीत लाटेचा क्रांतिक वेग साडेदहा नॉटच्या आसपास येतो आणि उथळ पाण्यात हंपचा डोंगर अधिक उंच होतो. चांगल्या स्कर्टचं वाहन तो झटकन ओलांडून जातं. ओल्या, गळक्या स्कर्टचं वाहन त्याच्या पायथ्याशी अडकून पडतं, इंजिन किंचाळतं, वेग साडेदहा नॉटच्या खालीच थिजतो आणि त्या वेगाची सगळ्यांत मोठी लाट काठावर आपटत राहते. काठावर काय आहे? खाजनांचे बांध आणि त्यांतल्या मानशी. चोडण-दिवाडीच्या शेतकऱ्याला स्कर्ट म्हणजे काय हे माहीत नसेल, पण त्याच्या बांधाची माती का ढासळते हे तो बरोबर सांगेल, आणि तेव्हा दोष सगळ्याच यांत्रिक वाहनांच्या माथी बसेल. नदीत पुढेमागे बचावकार्यासाठी किंवा प्रवाशांसाठी अशी वाहनं आणायची भाषा करणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. कमाल वेगापेक्षा हंप किती सेकंदांत, किती भाराने ओलांडला जातो हा आकडा निविदेत मागा. शिवाय तीनशे तासांच्या स्कर्टवर एक फेरचाचणी, तासाला किती लिटर जळलं त्याच्या नोंदीसह. आणि फिंगर व डिझेल एकाच पानावर लिहा. या तीन ओळींना कुठलीही समिती नेमावी लागत नाही.

अधिकाऱ्यांना बोल लावून झाला, आता घरचा अहेर. डिचोलीत बसून हॉवरक्राफ्टच्या गप्पा कशाला, असं कुजबुजणारे आपल्यातच आहेत. त्यांनी खनिज प्लांटमधला कन्व्हेयर आठवावा. चुट बेल्टवर माल टाकते तिथे दोन्ही बाजूंना जी पट्टी लावलेली असते तिला आपण काय म्हणतो? स्कर्ट रबर. ती बेल्टला टेकली तर बेल्ट खाते आणि मोटर गरम होते, वर राहिली तर फाइन्स बाहेर सांडतात. फट किती ठेवायची हे डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखणारे लोक या तालुक्यात होते आणि आहेत. बेल्टचा हॉट जॉइंट भरणारे, पदर सोलून पायऱ्या कापणारे, कापड आणि रबर यांची पकड नखाने तपासणारे हेच ते हात. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 फेब्रुवारी 2018च्या निकालानंतर त्याच वर्षी 16 मार्चला खाणी बंद झाल्या तेव्हा त्यांतले किती पांगले त्याची कुणी मोजदाद ठेवली नाही. आता काही लीजवर काम पुन्हा सुरू झालं आहे, पण प्लांट पूर्वीसारखे चालतील या आशेवर वर्कशॉप झाकून बसण्यात काय हशील? रासई इथून काही परदेशात नाही. अडचण इतकीच की यार्डाच्या दारात जायचं तर दाखवायला काहीतरी हवं, आणि आपल्याकडच्या बहुतेक वर्कशॉपांत दाखवायला बिलबुकापलीकडे कागद नाही. कुठला जॉइंट किती टन माल वाहून सुटला हे मालकाला तोंडपाठ असतं, वहीत नसतं. तोंडपाठ अनुभवावर कुणी पुरवठ्याचा आदेश काढत नाही.

म्हणून एक काम हातात घ्या, याच हंगामात. एक लाकडी चौकट करा, तीवर फिंगरच्या आकाराचे तुकडे लावा. प्लांटमधून निघालेला जुना ब्लोअर कुणाकडे ना कुणाकडे पडलेला असतोच, तो मागून जोडा. समोर पाण्याची डोण ठेवा, टोक पाण्याला निसटतं लागेल अशी. दाब कळायला पाण्याची साधी यू-नळी पुरेल, वीस सेंटिमीटरवर खूण करा. तास मोजायला जुन्या जनरेटरचा अवर मीटर काढून लावा. तीन प्रकारचं रबर, तीन शिवणी, दर दहा तासांनी टोकाचं माप आणि पदर सुटल्याची तारीख. एका वर्कशॉपला परवडत नसेल तर तिघांनी मिळून करा. निकाल चांगला असो की फजितीचा, आकड्यांसह पाठवा, आम्ही एकही रकाना न गाळता छापू. डोणीत पाणी मात्र नळाचं नको. सारमानसच्या धक्क्यावरून भरतीच्या वेळी कॅन भरून आणा, गाळासकट.