दहा मृत्यूंची वाट पाहू नका : नगराध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व सन्माननीय नगरसेवक आणि मुख्याधिकारी,
नगरपरिषद.



डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत आपण निवडून आलात, त्याबद्दल प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. त्याआधी राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. दिवा बंद पडला, गटाराचे झाकण फुटले, रस्त्यावर पाणी साचले, तर जाब कुणाला विचारायचा हेच लोकांना कळत नव्हते. आता विचारायला हक्काचे माणूस आहे. नगराध्यक्ष तर थेट जनतेने निवडलेले आहेत. म्हणून हे पत्र. त्यात गावाचे नाव मी लिहिलेले नाही, कारण ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला हे आपल्याच गावाबद्दल आहे असे वाटेल.

विषय एकच आहे : आपल्या गावातल्या रस्त्यांवर माणसे सुरक्षित नाहीत, आणि ती सुरक्षित करण्याचे बरेचसे निर्णय आपल्या हातात आहेत.

गावातून जाणारा राज्यमार्ग काँक्रीटचा झाला. धूळ कमी झाली, खड्डे गेले, वाहतूक सुरळीत झाली. ते काम व्हायलाच हवे होते. पण रस्ता आखताना गाडीचा विचार झाला, चालणाऱ्याचा झाला नाही. एस. टी. स्टँडपासून शाळेपर्यंत एकदा पायी जाऊन बघा. पदपथ नाही. जिथे असायला हवा तिथे गटारावरचे स्लॅब आहेत, त्यांतले काही डगमगतात आणि उरलेल्यांवर दुकानांच्या पाट्या आणि मोटारसायकली उभ्या असतात. काँक्रीटच्या कडेची साइडपट्टी मुरूम टाकून भरलेलीच नाही. समोरून ट्रक आला की दुचाकीवाला कडेला घेतो, चाक वीतभर खाली उतरते, परत वर घेताना गाडी घसरते. शाळा सुटल्यावर पोरे दोन दोन, तीन तीनच्या घोळक्याने रस्त्याच्या मधूनच चालतात. पोरे बेशिस्त आहेत म्हणून नव्हे. त्यांना चालायला दुसरी जागाच नाही म्हणून.

रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो. हे इंजिनिअरला माहीत असते, ड्रायव्हरला माहीत असते. रस्त्याचा ठराव करताना मात्र कुणी बोलत नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली होती. देशातल्या या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या अपघातांत झाले. आणि मेलेल्या दर शंभरांत सुमारे ४४ दुचाकीवरचे आणि १९ पायी चालणारे होते. म्हणजे ज्यांच्या अंगाभोवती पत्रा नाही, तीच माणसे अधिक मेली. आपल्या गावात चारचाकीवाले किती आणि दुचाकीवाले, सायकलवाले, पायी जाणारे किती, याचा हिशेब आपल्याला निवडणुकीच्या प्रचारात घरोघरी फिरताना कळलाच असेल.

यावर नेहमी एक उत्तर मिळते. ‘तो रस्ता आमच्याकडे नाही, सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे.’ बांधकाम विभागात गेले की तिथले अभियंते सांगतात, अतिक्रमण पालिकेने काढायचे. वाहतुकीचे विचारले की पोलीस म्हणतात, आधी पट्टे मारा, फलक लावा, मग आम्ही दंड करू. तिघांचेही म्हणणे कागदावर बरोबर असते. मधल्या मध्ये रस्ता बेवारस राहतो.

पण मालकीचा प्रश्न सोडवायचा ठरवले तर तो किती लवकर सुटतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. मद्यपी चालकांमुळे होणारे अपघात थांबावेत, हा त्यामागचा हेतू होता. त्यानंतर राज्यातल्या काही शहरांमधून जाणारे रस्ते महामार्गांच्या यादीतून वगळून स्थानिक संस्थांकडे देण्याच्या हालचाली झपाट्याने झाल्या. दुकाने आणि बार वाचवण्यासाठी जी तत्परता दाखवता आली, ती शाळेच्या फाटकासमोरचा रस्ता वाचवण्यासाठीही दाखवता येईल. रस्ता वर्ग करून घेण्याचीसुद्धा गरज नाही. पालिका, बांधकाम विभाग आणि पोलीस यांनी एका टेबलाशी बसून कोण काय करणार हे लिहून काढले, तरी निम्मे काम झाले.

शिवाय कायदा पालिकेला पूर्ण मोकळे सोडत नाही. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये पालिकेची आवश्यक कर्तव्ये दिलेली आहेत. सार्वजनिक रस्त्यांची देखभाल, रस्त्यांवर दिवाबत्ती, रस्त्यांवरचे अडथळे दूर करणे ही त्यांत येतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९८-अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमींना दुखापत पाहून ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालयाने दिला. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, ही त्यामागची भूमिका. भरपाई देण्यापेक्षा झाकण बसवणे कितीतरी स्वस्त आहे, आणि गेलेले माणूस भरपाईने परत येत नाही.

आता गतिरोधकांविषयी, कारण अपघात झाला की गावात पहिली मागणी तीच होते. लोक रस्त्यावर बसतात, रास्ता रोको होतो, आणि रात्रीतून कुणीतरी उरलेले डांबर आणि खडी टाकून एक उंचवटा करून देते. त्याला ना रंग, ना आधी फलक. अंधारात तो दिसत नाही. दुचाकीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई उसळून पडते आणि डोके आपटते. रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला तिथे धक्का बसतो तो वेगळाच. गतिरोधक कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ९९’ या मानकात स्पष्ट दिलेले आहे. गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, पांढरे-काळे पट्टे, आणि सुमारे ४० मीटर आधी सूचना देणारा फलक. असा गतिरोधक गाडी हळू करतो, माणूस पाडत नाही. आपल्या गावातले गतिरोधक या मापात बसतात का, हे टेप घेऊन मोजायला पालिकेच्या अभियंत्यांना एक सकाळ पुरेल. जे बसत नाहीत ते काढून नव्याने बांधा, आणि जिथे गरज नाही तिथे कुणाच्या दबावाने बांधू नका.

मुळात रास्ता रोको होईपर्यंत थांबायचे, ही सवयच मोडायला हवी. राष्ट्रीय महामार्गांवर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवण्याची पद्धत आपल्याला माहीत असेल. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, की ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. महामार्गासाठी तो निकष ठीक असेल. गावातल्या चौकाला तोच लावला तर आपण दहा घरे उद्ध्वस्त होण्याची वाट बघत बसू. गावात बहुतेक अपघातांत हात मोडतो, पाय मोडतो, दात पडतात. पुष्कळदा पोलिसांत तक्रारच होत नाही, तिथल्या तिथे मिटवले जाते. नोंद नाही म्हणून निधी नाही, निधी नाही म्हणून काम नाही. पण हाडवैद्याला आणि ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सताईंना विचारा, कुठल्या वळणावरून माणसे येतात ते लगेच सांगतील.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. उड्डाणपूल नको, सुशोभीकरण नको, चौकात नवे शिल्पही नको. पुढील सहा गोष्टी करा.

१. अपघातांची यादी करा. पोलीस ठाण्यात अपघातांची नोंद आता संगणकावर होते. ती माहिती आणि ग्रामीण रुग्णालयातल्या नोंदी घेऊन गावाच्या नकाशावर खुणा करा. रुग्णाचे नाव नको, फक्त जागा, वेळ आणि वाहन. तो नकाशा पालिकेच्या दारात लावा.

२. शाळांसमोरचा रस्ता आधी घ्या. तिथे गाड्यांचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत राहील अशी रचना करा. मुलांनी रस्ता ओलांडायची जागा पदपथाच्या उंचीला उचलून घ्या, म्हणजे गाडीला हळू व्हावेच लागते. शाळा भरताना आणि सुटताना तो तुकडा जड वाहनांना बंद ठेवण्याचा प्रस्ताव पोलिसांशी बोलून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.

३. साइडपट्ट्या भरा, झाकणे रस्त्याच्या पातळीला आणा, बंद दिवे लावा. हे पावसाळ्यापूर्वी व्हायला हवे. पाणी साचल्यावर खड्डा आणि रस्ता सारखेच दिसतात.

४. चौकांचे कोपरे मोकळे करा. वाढदिवसाच्या आणि अभिनंदनाच्या फ्लेक्समुळे आडवी येणारी गाडी दिसत नाही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांविरुद्ध २०१७ मध्येच निकाल दिला आहे. सुरुवात आपण स्वतःच्या फलकांपासून केलीत, तर कार्यकर्त्यांना सांगणे सोपे जाईल.

५. बाजार हटवू नका, त्याला जागा द्या. आठवडे बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या मावश्या रस्त्याच्या पांढऱ्या रेषेवर बसतात, कारण त्यांना दुसरीकडे ओटाच नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीने सर्वेक्षण करायचे आणि तिच्या शिफारशीवरून पालिकेने विक्रीच्या जागा ठरवायच्या असतात. ती समिती बसवा, तिच्या बैठका घ्या आणि मावश्यांनाही विचारा.

६. गळीत हंगाम सुरू होण्याआधी कारखाने, वाहतूकदार, आरटीओ आणि पोलीस यांची बैठक बोलवा. उसाच्या डबल ट्रॉल्या रात्री मागे लाल दिवा किंवा परावर्तक नसताना गावातून जातात, भर चौकात पंक्चर होऊन उभ्या राहतात. परावर्तक लावल्याशिवाय काट्यावर ट्रॉली घ्यायची नाही, हा नियम कारखान्याने केला तर एका दिवसात अंमलात येतो. चौकात बंद पडलेली ट्रॉली किती वेळात हलवायची आणि कुणी हलवायची, तेही ठरवून घ्या.

पैशाचे म्हणाल, तर जिल्हा नियोजन समितीकडे आणि वित्त आयोगाच्या निधीत रस्त्यांची कामे दरवर्षी धरली जातात. पेव्हर ब्लॉक आणि स्वागत कमानी त्यातूनच होतात. यंदा त्या प्रस्तावांत पदपथ आणि शाळेसमोरचे काम धरा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. राज्यमार्गाबद्दल आपला ठराव तिच्यापुढे गेला, तर बांधकाम विभागाला उत्तर द्यावे लागेल.

नगरसेवकांना आणखी एक विनंती. पोलिसांनी हेल्मेट नसलेला, ट्रिपल सीट जाणारा किंवा दारू पिऊन चालवणारा माणूस पकडला, की पहिला फोन आपल्याला येतो. ‘आपलाच पोरगा आहे, सोडा’ असे आपण सांगू नका. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घालता ५० हजारांवर माणसे मेली. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, असा कायदा आहे. तो आपल्या प्रभागातल्या पालकांना सांगा. आम्ही नागरिकही आमचा वाटा उचलू. दुकानासमोरची पाटी आत घेणे, मुलाच्या हातून किल्ली काढून घेणे, चुकीच्या बाजूने न येणे हे आमचेच काम आहे, आणि त्याबद्दल आम्हाला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आपल्या कारकिर्दीत किती किलोमीटर रस्ते झाले, याचे फलक लागतीलच. पण मुलगी सायकलवरून शाळेत जाऊन सुखरूप परत आली, म्हातारी एस. टी. स्टँडवरून कुणाचा हात न धरता रस्ता ओलांडून गेली, यावरून लोक कारभार जोखतील.

तेव्हा पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘शहरातील रस्ता सुरक्षा’ हा स्वतंत्र विषय घ्यावा, वरील सहा कामांपैकी कोणते कोण आणि किती मुदतीत करणार याचा ठराव करावा, आणि त्या सभेचे इतिवृत्त पालिकेच्या फलकावर लावावे, ही आग्रहाची विनंती. दर तीन महिन्यांनी आम्ही येऊन त्याचा पाठपुरावा करू.

कळावे,
आपल्या गावातला एक मतदार