एका वेगाचे दोन हिशेब

अकरावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या कीं विज्ञानशाखेचा विद्यार्थी ज्या घरांत असतो त्या घरांत गतिशास्त्राच्या उदाहरणांचा विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. वहीच्या शेवटच्या पानावर दहाबारा सूत्रें ओळीनें उतरून घेतलेलीं असतात, आणि जुडग्यांतील एकेक किल्ली कुलुपाला लावून पाहावी त्याप्रमाणें विद्यार्थी एकेक सूत्र उदाहरणाला लावून पाहत असतो. एखादें लागतें, पुष्कळदां लागत नाहीं, आणि मग ‘मला गणित येत नाहीं’ असा निष्कर्ष तो स्वतःपुरता काढून मोकळा होतो. वस्तुतः या उदाहरणांत गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांपलीकडचें गणित क्वचितच लागतें. अडचण गणिताची नसून विचाराच्या क्रमाची असते. तो क्रम काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम एकच वस्तु निवडावी आणि तिच्यावर कोण कोण बल लावीत आहे तें पाहावें. ज्या वस्तू तिला स्पर्श करीत आहेत त्या, आणि दूर राहून ओढणारी पृथ्वी, एवढ्यांचीच मोजदाद करावी. समजा, ५० किलोग्रॅम तांदळाची गोणी फरशीवर आहे. पृथ्वी तिला खालीं ओढते तें बल, गुरुत्वत्वरण सोईसाठीं १० धरलें तर, ५०० न्यूटन होतें. फरशी तिला तितक्याच बलानें वर उचलून धरते. गोणी व फरशी यांमधील घर्षणगुणक ०.४ असेल तर घर्षण जास्तींत जास्त २०० न्यूटन होऊं शकेल. आतां कोणी गोणी १०० न्यूटन बलानें आडवी ढकलली, तर घर्षण किती? अनेक विद्यार्थी तत्काळ २०० असें उत्तर देतात. परंतु तें खरें असतें तर गोणी ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून आली असती! गोणी हालत नाहीं, त्या अर्थीं घर्षणहि १०० न्यूटनच आहे. २०० ही त्याची मर्यादा आहे, नित्याचें मोल नव्हे. जेवढ्यास तेवढें उत्तर देणें आणि मर्यादा संपली कीं हार खाणें, असा या स्थितिक घर्षणाचा स्वभाव आहे.

बलांची मोजदाद झाली कीं दुसरा प्रश्न येतो, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे. वस्तूला वेग असेल तर त्या वेगाचा हिशेब कोणत्या वहींत मांडावयाचा? कारण निसर्गाच्या दप्तरांत वेगाच्या दोन निरनिराळ्या वह्या आहेत. ताशीं ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर, वेगानें जाणाऱ्या मोटारीचे ब्रेक पूर्ण दाबले आणि रस्त्याचा घर्षणगुणक ०.५ धरला, तर तिचा वेग दर सेकंदास ५ मीटरनें घटतो. ती २ सेकंदांत थांबते आणि तेवढ्यांत १० मीटर घसरते. वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर, केला तर काय होईल? थांबावयास ४ सेकंद लागतील, म्हणजे वेळ दुप्पट. परंतु अंतर मात्र ४० मीटर, म्हणजे चौपट! घर्षणाचें बल तेंच, मोटार तीच. वेळ विचारला तर वेग एकदां मोजला जातो, अंतर विचारलें तर त्याचा वर्ग मोजला जातो.

या दोन वह्यांपैकीं खरी कोणती, यावर युरोपांतील पंडितांनीं कित्येक दशकें वाद घातला. गतीचें मोजमाप वस्तुमान गुणिले वेग असेंच केलें पाहिजे, असा देकार्तच्या अनुयायांचा आग्रह होता. १६८६ सालीं लायब्निट्स यानें त्यास हरकत घेतली आणि वेगाचा वर्ग घ्यावा असें प्रतिपादन केलें. पुढें हॉलंडांतील लायडन येथील प्राध्यापक ग्राव्हेसांडे यांनीं १७२२ च्या सुमारास मऊ चिकणमातीवर पितळी गोळे निरनिराळ्या उंचीवरून सोडून पाहिले. दुप्पट वेगानें आदळणारा गोळा मातींत दुप्पट नव्हे, तर चौपट खळगा पाडतो असें त्यांस आढळलें. या प्रयोगाचें महत्त्व ज्यांनीं ओळखलें त्यांत एमिली द्यू शातले ही विदुषी अग्रगण्य होती. तिचा पदार्थविज्ञानावरील ग्रंथ १७४० सालीं प्रसिद्ध झाला. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चें फ्रेंच भाषांतरहि तिनेंच केलें, आणि तें तिच्या मृत्यूनंतर, १७५९ सालीं, पूर्णपणें छापून निघालें.

आज आपणांस ठाऊक आहे कीं दोन्ही पक्ष आपापल्या जागीं बरोबर होते. बल किती वेळ लागलें हें पाहिलें तर संवेगाची वही भरते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. बल किती अंतरापर्यंत लागलें हें पाहिलें तर गतिज ऊर्जेची वही भरते. तींत वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचें अर्ध लिहावयाचें. म्हणून उदाहरणांत ‘किती वेळांत’ असें विचारलें असल्यास पहिली वही उघडावी आणि ‘किती अंतरांत’ किंवा ‘किती उंचीवर’ असें विचारलें असल्यास दुसरी.

परंतु टक्कर आली कीं सावध राहिलें पाहिजे. दोन वस्तू एकमेकींवर आदळतात तेव्हां पहिली दुसरीवर जितकें बल जितका वेळ लावते, तितकेंच बल तितकाच वेळ दुसरी पहिलीवर उलट दिशेनें लावते. टक्कर क्षणांत आटोपते, त्यामुळें बाहेरच्या घर्षणासारख्या बलांस हिशेबांत ढवळाढवळ करावयास अवसर मिळत नाहीं. सबब दोन्ही वस्तूंचा एकूण संवेग टकरीच्या आधीं व नंतर सारखाच राहतो. ऊर्जेची गोष्ट तशी नाहीं. वस्तू चेपतात, तापतात, आवाज होतो, आणि गतिज ऊर्जेंतील मोठा वांटा त्या खर्चीं पडतो.

याचें सुंदर उदाहरण इंग्लंडांतील बेंजामिन रॉबिन्स यानें १७४२ सालीं तोफविद्येवरील आपल्या ग्रंथांत दिलें. बंदुकीच्या गोळीचा वेग मोजावयाचा कसा? त्यानें जड लाकूड लोलकासारखें टांगून त्यांत गोळी मारली आणि लोलकाच्या झोक्यावरून गोळीचा वेग काढला. आपण सोपे आंकडे घेऊं. गोळी १० ग्रॅमची, ठोकळा १९९० ग्रॅमचा. गोळी आंत रुतली आणि दोन्ही मिळून ५ सेंटीमीटर वर चढलीं. वर चढणें हा उंचीचा प्रश्न, म्हणून तेथें ऊर्जेची वही. तिच्यावरून ठोकळ्याचा आरंभींचा वेग सेकंदास १ मीटर येतो. गोळी रुतणें ही टक्कर, म्हणून तेथें संवेगाची वही. एकूण वस्तुमान गोळीच्या २०० पट, सबब गोळीचा वेग सेकंदास २०० मीटर. आतां एखाद्यानें आरंभापासून अखेरपर्यंत ऊर्जेचीच वही चालविली तर त्यास उत्तर मिळेल सेकंदास अवघे १४ मीटर, म्हणजे एखाद्या मुलानें भिरकावलेल्या दगडाइतकें! गोळीजवळ २०० ज्यूल ऊर्जा होती. त्यांपैकीं १ ज्यूल झोक्यास मिळाली आणि उरलेल्या १९९ लाकूड फोडण्यांत व तापविण्यांत खर्च झाल्या. चुकीच्या वहींत त्या खर्चाची नोंदच झाली नाहीं.

हा विषय केवळ परीक्षेपुरता आहे असें कोणीं समजूं नये. आज बहुतेक घरांतून एखादें तरी स्वयंचलित वाहन आहे आणि घरांतील तरुण मंडळी तें चालवितात. समजा, २० मीटर पुढें एक मूल अचानक रस्त्यावर आलें. धोका दिसून ब्रेक दाबला जाईपर्यंत १ सेकंद जातो असें धरूं. ताशीं ३६ किलोमीटर वेगाची मोटार त्या सेकंदांत १० मीटर जाते, नंतर १० मीटर घसरते आणि मुलाच्या पुढ्यांत येऊन थांबते. आतां वेग ताशीं ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १५ मीटर, असता तर? पहिल्या सेकंदांतच १५ मीटर संपले. ब्रेकसाठीं उरले अवघे ५. वाहनाच्या दर किलोग्रॅममागें ११२.५ ज्यूल ऊर्जा जमेस आहे आणि घर्षण दर मीटरास ५ ज्यूल खर्च करतें. पांच मीटरांत २५ खर्च झाल्या, ८७.५ शिल्लक राहिल्या. या शिलकेचा वेग काढला तर तो सेकंदास १३ मीटरांहून अधिक, म्हणजे ताशीं सुमारें ४८ किलोमीटर, भरतो! जेथें पहिली मोटार थांबली होती तेथें दुसरीचा वेग जेमतेम सहा किलोमीटरनें उतरला आहे. ‘थोडाच तर वेग वाढविला’ या बोलण्यांतील फोलपणा याहून स्पष्ट कोणत्या उपदेशानें होईल? आणि पावसानें रस्त्याचा घर्षणगुणक निम्म्यावर आला तर घसरण्याचें अंतर आणखी दुप्पट होतें, हेंहि याच हिशेबांत आहे.

वाचकांच्या घरांतील विद्यार्थ्यांसाठीं शेवटीं एक उदाहरण देतों. ब्रेक लावून उभ्या असलेल्या मोटारीवर तितक्याच वजनाची दुसरी मोटार मागून आदळली. दोन्ही एकमेकींत अडकल्या आणि चाकें न फिरतां १० मीटर घसरून थांबल्या. घर्षणगुणक ०.५ आहे. आदळणाऱ्या मोटारीचा वेग किती होता? अपघाताची चौकशी करणारे तज्ज्ञ रस्त्यावरील घसरणीच्या खुणा मोजून याच जातीचा हिशेब करीत असतात. उत्तर ताशीं ७२ किलोमीटर आलें तर विद्यार्थ्यानें दोन्ही वह्या योग्य जागीं उघडल्या असें समजावें. तें ताशीं सुमारें ५१ किलोमीटर आलें तर त्यास टकरीच्या जागीं पुन्हां एकदां नेऊन उभें करावें. कारण या चुकीनें परीक्षेंत गुण जातील ते जातील, पण चौकशींत मात्र बेफाम हांकणाऱ्याला एकवीस किलोमीटरांची माफी मिळेल.