जाहिरातीला पैसा नाही, म्हणून धंदा करू नये काय?

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापा, अशी विनंती 'केसरी'ला करण्यात आली होती आणि ती नाकारली गेली. ही हकीकत चळवळीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पैसे देऊनही आमची ओळ छापली जात नव्हती! आज तसा नकार कोणी देत नाही. रात्री बारा वाजता हातातल्या मोबाईलवरून जाहिरात टाका, पहाटे ती मुंबई-पुण्यातल्या हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर असते. कोणी जात विचारत नाही, कोणी आडनावावर अडवत नाही. आमचे तरुण या गोष्टीने हरखून जातात आणि तेथेच फसतात. दार उघडे आहे हे खरे, पण आत गेल्यावर लिलाव चालू आहे, आणि लिलावात ज्याचा खिसा मोठा त्याचाच आवाज मोठा.

आमच्या परिचयातला मुरूड बाजूचा एक तरुण या लिलावात आठ हजार रुपये घालवून बसला. त्याचे घर बौद्धवाडीत, गावाच्या वरच्या अंगाला. समुद्र तेथून दिसतो, पण समुद्राकडची नारळी-पोफळीची वाडी त्याच्या बापजाद्यांच्या नावावर कधी नव्हती. किनाऱ्यावर पर्यटन आले तेव्हा वाडीवाल्यांनी खोल्या बांधल्या, काहींनी मुंबईच्या धनवानांना जमिनी विकल्या. आमच्या लोकांच्या वाट्याला त्या खोल्यांचे गवंडीकाम, साफसफाई आणि राखणदारी आली. हा पोरगा संगणक शिकलेला. त्याने विचार केला की आपल्याकडे खोली नसली तरी खोल्यांची यादी आपण करू शकतो. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि महाड येथील घरगुती राहण्याच्या सोयी एका वेबसाइटवर आणायच्या, पाहुण्यांना गाडी, जेवण, लेणी सारे जुळवून द्यायचे आणि त्यावर थोडी दलाली घ्यायची. कल्पना उत्तम. भांडवल म्हणजे बहिणीने बचत गटातून उचलून दिलेले कर्ज. त्यातले आठ हजार जाहिरातीत अकरा दिवसांत संपले. चार फोन आले, एक खोली ठरली, तीही आदल्या रात्री रद्द झाली. मग आमच्याकडे येऊन म्हणतो, "काका, अजून वीस हजार टाकले तर चालेल का?"

आम्ही त्याला स्पष्ट सांगितले की चालणार नाही. का चालणार नाही हे तरुण वाचकांनी समजून घ्यावे, कारण असे वीस हजार आज रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत आपल्या घराघरांतून चालले आहेत.

कोणी 'अलिबाग कॉटेज' असे शब्द शोधतो तेव्हा वर कोणाची जाहिरात दिसावी याचा त्या क्षणी लिलाव होतो. मोठ्या कंपन्यांच्या बोली तेथे बसलेल्याच असतात. डिसेंबरच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार या वेळी भाव चढतो. एका टिचकीला जी किंमत पडते ती मोठ्या कंपनीला परवडते, कारण तिचा एक गिऱ्हाईक दहादा परत येतो आणि दहा गावी राहतो. आपल्या पोराला एकदाच एक खोली विकायची असते. शिवाय टिचकी मारणारा विकत घेणारा असतोच असे नाही. निम्मे लोक फोटो पाहून पुढे जातात, पैसे मात्र कापले जातात.

पैशाचे गणित एवढे. पण दुसरे एक गणित आहे, ज्याबद्दल जाहिरातशास्त्राचे वर्ग चालवणारे एक अक्षर बोलत नाहीत. कोकण किनाऱ्याने एकदा फिरून पाटया वाचा. 'घरगुती ब्राह्मणी जेवण' ही पाटी किती ठिकाणी दिसते? त्या पाटीला काय खर्च आला? रंगाचा डबा आणि एक पत्रा. तरीही ती पाटी स्वच्छता सांगते, चव सांगते, विश्वास सांगते आणि हे सारे न बोलता सांगते. जातीच्या नावाला हजारो वर्षांची फुकट जाहिरात मिळालेली आहे. आमच्या बहिणीच्या हातचे वाटणाचे कालवण, सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी कोणत्याही पाटीवाल्यापेक्षा कमी नाही. पण 'घरगुती बौद्ध जेवण' अशी पाटी किनाऱ्यावर आम्ही तरी पाहिलेली नाही. ज्याला कमी पैशात धंदा उभा करायचा आहे त्याने हे आधी ओळखावे की शर्यतीची रेघ सर्वांसाठी एका जागी आखलेली नाही.

नाव पाहून दार बंद होते ही आमची कल्पना नव्हे. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली. अमेरिकेत २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी एअरबीएनबी या घरे भाड्याने देणाऱ्या वेबसाइटवर पाच शहरांतील सुमारे ६,४०० घरांकडे विचारणा पाठवल्या. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या पाहुण्याला होकार मिळण्याचे प्रमाण गोऱ्या वाटणाऱ्या नावापेक्षा १६ टक्क्यांनी कमी होते. यंत्राला जात नसते म्हणतात. पण यंत्रापुढे बसलेल्या माणसाला असते.

म्हणूनच आमच्या या पोराने वेबसाइटवर आपले नाव घातलेच नव्हते. 'आमची टीम' असे लिहून खाली एका बंगल्याचा फोटो, तोही कोठून तरी उचललेला. आम्ही विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, "आडनाव दिसले की फोन येत नाहीत, काका." त्याच्या भीतीची आम्ही थट्टा करणार नाही. ती अनुभवातून आलेली आहे. पण धंद्याच्या दृष्टीनेही ते लपणे तोट्याचे होते. नवख्या वेबसाइटला आगाऊ पैसे पाठवायचे तर माणूस आधी पाहतो की पलीकडे कोण आहे. नाव नाही, चेहरा नाही, गाव नाही, तर पैसे कोण पाठवील? लपल्यामुळे जातीयवादी गिऱ्हाईक गेलेच, शिवाय सरळ मनाचेही गेले.

आम्ही त्याला कुडा लेण्यांची आठवण दिली. राजपुरीच्या खाडीवरच्या त्या २६ बौद्ध लेण्या त्याच्या तालुक्याच्या शेजारी, तळा भागात आहेत. पाहुण्यांना दाखवायच्या स्थळांत त्याने त्या घातल्याही होत्या, पण तेथले लेख वाचले नव्हते. दान देणाऱ्यांनी तेथे दगडात आपले नाव कोरले आणि नावाबरोबर धंदाही कोरला. त्यात माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. आपण कोण आणि काय काम करतो, हे भिक्खूंच्या विहाराच्या भिंतीवर लिहिताना त्यांना संकोच वाटला नाही. सुमारे दोन हजार वर्षे ती अक्षरे समुद्राच्या वाऱ्यात टिकून आहेत.

आता करायचे काय? पहिली गोष्ट, गर्दीच्या शब्दांवर पैसा लावू नये. 'अलिबाग हॉटेल' हे शब्द कंपन्यांना सोडून द्यावेत. मुंबईचा माणूस निघण्यापूर्वी जे बारीकसारीक प्रश्न विचारतो त्यांची खरी उत्तरे आपल्या वेबसाइटवर मराठीत लिहावीत. मांडव्याच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात, मग यायचे कसे? मुरूडहून श्रीवर्धनला जाताना आगरदांडा-दिघी जंगल जेट्टीने गाडीसकट खाडी ओलांडता येते का? पावसाळ्यात जंजिरा बघता येतो का? हे किनाऱ्यावरच्या पोराला तोंडपाठ असते, मुंबईच्या कार्यालयातल्या जाहिरातबहाद्दराला नसते. ज्याने एका प्रश्नाचे खरे उत्तर दिले त्याच्याकडे माणूस दुसऱ्या प्रश्नाला परत येतो, आणि तिसऱ्या वेळी खोली विचारतो.

यात आम्हाला सर्वांत आवडलेली युक्ती त्या पोराचीच आहे, आमची नव्हे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. भरती आली की गेलेला माणूस अडकतो. भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यातला म्हातारा तिथी ऐकून ती वेळ सांगतो, पण पुण्याहून आलेल्या कुटुंबाला कोण सांगणार? हा पोरगा रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा टाकू लागला. खाली एकच ओळ, वेबसाइटचे नाव आणि फोन नंबर. एक रुपया खर्च नाही. लोक ते आपणहून पुढे पाठवतात, कारण ते कामाचे आहे. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले तेव्हा प्रत्येक पत्राखाली अशीच एक ओळ जात असे, की तुम्हीही फुकट खाते उघडा. गिऱ्हाईकच नवे गिऱ्हाईक आणत गेला. आपल्याकडे ते काम भरतीच्या वेळांनी केले तर बिघडले कोठे?

दुसरी गोष्ट फोटोंची. एअरबीएनबीचा धंदा २००९ मध्ये चालत नव्हता तेव्हा तिचे संस्थापक स्वतः न्यूयॉर्कमध्ये घरोघर गेले आणि चांगला कॅमेरा घेऊन त्यांनी खोल्यांचे फोटो काढले. मोठ्या कंपनीचे हे मूळ भांडवल होते, पायपीट! आमच्या पोराने उचललेला बंगला काढून टाकावा आणि दिवेआगरच्या मावशींच्या खोलीचा, तिथल्या न्हाणीघराचा, अंगणातल्या चुलीचा खरा फोटो दुपारच्या उजेडात काढावा. न्हाणीघर लहान असेल तर लहान म्हणून लिहावे. येऊन निराश झालेला पाहुणा फुकटची उलटी जाहिरात करतो, आणि ती थांबवता येत नाही.

गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद करायला पैसे लागत नाहीत, ती आजच्या आज करावी. आलेल्या पाहुण्याला आपला नंबर त्याच्या मोबाईलमध्ये साठवायला सांगावे, कारण व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीवरून पाठवलेला संदेश ज्याने नंबर साठवला आहे त्यालाच पोहोचतो. भाडोत्री शेरे मात्र लिहून घेऊ नयेत. एका रात्रीत पन्नास जणांनी एकाच भाषेत 'अप्रतिम' लिहिलेले पाहिले की शहाणा माणूस तेथूनच परत फिरतो.

आणि आपला समाज? त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडला देशभरातून माणसे येतात. चवदार तळे, क्रांतिस्तंभ पाहून बहुतेक जण रात्रीच्या गाडीने परत जातात. गंधारपाले लेणी महामार्गालगत आहेत, तेथे किती जण चढतात? डिसेंबर १९२७ मध्ये बसवाल्यांनी नेण्यास नकार दिल्यामुळे बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने समुद्रमार्गे आले आणि दासगावला उतरले. ते दासगाव किती जणांनी पाहिले? आलेला माणूस एक रात्र राहिला, तर चार बौद्धवाड्यांत चूल पेटेल. हा गिऱ्हाईक जाहिरातीने आणायचा नाही, तो आपल्याच विहारांच्या, महिला मंडळांच्या, कर्मचारी संघटनांच्या ओळखीत बसलेला आहे. मार्च १९२७ च्या परिषदेला पिण्याचे पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावे लागले होते, आणि तरीही हजारो माणसे जमली, कारण रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरून माणसाला माणूस जोडत होते. त्यांच्याजवळ छापखाना नव्हता आणि जाहिरातीला पैसा तर नव्हताच.

मात्र दोन गोष्टी कडवट वाटल्या तरी लिहितो. तरुणांनी बाबासाहेबांचा फोटो लावून खोल्या विकू नयेत. 'जय भीम' ही सवलतीची कूपन नव्हे. आणि आपल्या लोकांनी 'आपलाच पोरगा आहे' म्हणून निम्मे पैसे देऊ नयेत. परक्याच्या हॉटेलात पूर्ण बिल भरून वर बक्षिसी ठेवणारा आमचा अधिकारी बांधव बौद्धवाडीतल्या मावशीशी भाकरीच्या भावावरून घासाघीस करतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. लाज वाटावी अशी ती घासाघीस होती.

परवा त्या पोराचा फोन आला होता. वीस हजार त्याने टाकले नाहीत. भरतीच्या वेळा रोज जातात. गेल्या महिन्यात सात खोल्या ठरल्या, त्यातल्या पाच जुन्या पाहुण्यांनी पाठवलेल्या. बचत गटाचे तीन हप्ते अजून बाकी आहेत. वेबसाइटवर आता त्याचे पूर्ण नाव आहे, खाली बहिणीचे पूर्ण नाव आहे आणि तिच्यापुढे लिहिले आहे, 'स्वयंपाक यांचा'. नाव टाकल्यावर दोघांनी ठरवलेल्या खोल्या रद्द केल्या, कारण सांगितले नाही. त्याने तेही वहीत लिहून ठेवले आहे.