पुदिना पसरलाय? पंप नको, कात्री घ्या


राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात ऊस-कांद्याच्या बांधावर मारून पंपात उरलेलं ग्लायफोसेट घरामागच्या पुदिन्यावर मारायची सवय काही ठिकाणी दिसते. मला ती अजिबात पटत नाही. हे औषध पानातून मुळापर्यंत उतरतं. मेलाय असं वाटतं, पण जमिनीखाली एखादं खोड जिवंत राहतं आणि पुन्हा फुटतं. तीच पानं आपण कच्ची चटणीत वाटतो. बांधावरचं औषध पोरांच्या ताटात कशाला?

पुदिना धावत्या खोडांनी पसरतो, त्याला छाटणीच लागते:
• फुलं यायच्या आधी जमिनीपासून २-३ इंच ठेवून सगळा छाटा.
• मेथीच्या वाफ्यात शिरलेली खोडं ओल असताना खुरप्यानं मुळासकट काढा. तुकडा राहिला तर तिथंच फुटतो.
• छाटल्यावर थोडं कुजलेलं शेणखत आणि पाणी द्या. नवी फूट कोवळी येते.
• पुन्हा पसरू नये म्हणून बुडाला भोकं पाडलेल्या जुन्या बादलीत लावा. औषधाची बादली मात्र वापरू नका.

फवारणीचं औषध लागेल तेवढंच कालवा. परसबाग छोटी असली तरी तिथलं रोज आपल्याच पोटात जातं.

– आपला कृषी सल्लागार